देवाचे अनुसंधान आणि दिवसाचे काम



ज्या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्यांनी आपली उभी हयात खेड्यापाड्यांतील लहानलहान मंडळ्यांची सेवा करण्यात घालवली. त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले नाहीत, की परिषदा गाजवल्या नाहीत. परंतु कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची विहीर आटली आहे, कोणाच्या मुलीचे लग्न खोळंबले आहे, याची नोंद त्यांच्या मनाच्या दप्तरी बिनचूक असे आणि त्या प्रत्येक नोंदीचा उच्चार ते पहाटेच्या प्रार्थनेत करीत, असे त्यांना ओळखणारे वृद्ध लोक आजही सांगतात. अशा पुरुषाच्या नावाने बोलायला उभे राहणाऱ्याने दुर्बोध सिद्धांतांच्या वाटेला जाऊ नये, हे उचित होय. म्हणून मी साधा विषय निवडला आहे : कामाने गजबजलेल्या, रोजच्या ख्रिस्ती जीवनात देवाचे अनुसंधान कसे टिकवावे?

प्रश्न मांडायला सोपा आहे. रविवारी सकाळी आपण मंदिरात बसतो, पेटीच्या सुरात सर्वांचे सूर मिसळतात, शास्त्रवाचन होते, प्रवचन होते, आशीर्वाद होतो, आणि देव आपल्या निकट आहे अशी प्रतीती क्षणभर का होईना, येते. सोमवारी काय होते? सोमवारी नळाचे पाणी जायच्या आत हंडे भरायचे असतात, मुलांचे डबे करायचे असतात, कचेरीत मागल्या महिन्याचा ताळेबंद अडून राहिलेला असतो, शेतावर सांगून ठेवलेले मजूर आलेले नसतात. आणि सायंकाळी दिवा लावताना एखाद्या प्रामाणिक भक्ताच्या ध्यानात येते की सकाळपासून देवाची आठवण एकदाही झाली नाही. मग काय समजावे? आपला देव रविवारपुरता होता काय? सोमवारचा धनी दुसरा कोणी आहे काय?

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की अखंड अनुसंधान ही मठवासीयांची, संतांची, फार तर पाळकसाहेबांची गोष्ट; संसारी माणसाने आपला रविवार सांभाळावा आणि संकटसमयी धावा करावा, म्हणजे झाले. ही समजूत शास्त्राला धरून नाही. निरंतर प्रार्थना करण्याची आज्ञा पौल प्रेषिताने थेस्सलनीका येथील ज्या मंडळीला लिहून पाठवली, तिच्यात मठवासी कोणी नव्हते, कारण मठ ही संस्थाच अजून जन्माला यायची होती. तेथे होते ते कष्टकरी लोक. त्याच पत्रात पौल त्यांना आपापल्या हातांनी काम करण्यास सांगतो, आणि त्यांच्यावर भार पडू नये म्हणून आपण स्वतः रात्रंदिवस श्रम केल्याचे स्मरण देतो. ज्याने निरंतर प्रार्थनेची आज्ञा दिली तो तंबू करण्याचा धंदा करणारा कारागीर होता. ही आज्ञा कामकरी माणसाने कामकरी माणसांना दिली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती अशक्य आहे ही तक्रार मागे घ्यावी लागते आणि ती पाळावी कशी हा खरा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाचा पहिला भाग म्हणजे ठरलेल्या वेळा. दानीएल हा दारयावेश राजाच्या राज्यातील १२० प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या ३ अध्यक्षांपैकी एक, म्हणजे आजच्या भाषेत राज्याच्या कारभाराचा भार शिरावर असलेला अधिकारी; आणि तरीही यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीशी दिवसातून ३ वेळा गुडघे टेकण्याची त्याची वहिवाट राजाज्ञेनेही मोडली नाही. त्याला वेळ होता म्हणून त्याने प्रार्थना केली काय? ज्याच्या दप्तरात १२० प्रांतांचे हिशेब येतात त्याला रिकामा वेळ कोठला? पहिल्या मंडळीने यहुदी लोकांची ही शिस्त तशीच उचलली. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी, तिसऱ्या प्रहरी, मंदिरात चालले होते असे प्रेषितांच्या कृत्यांत येते. आणि यापो येथे दुपारी बाराच्या सुमारास पेत्र धाब्यावर प्रार्थनेला गेला, तेव्हा त्याला भूक लागलेली होती व खाली स्वयंपाक चालला होता, हा बारीक तपशीलही लूकने वगळला नाही. भुकेलेला माणूस, खालून येणारा अन्नाचा वास, डोक्यावर ऊन, आणि तरी वेळ झाली म्हणून तो वर गेला! त्या दुपारी त्याला काय मिळाले याकडे मी पुढे येणार आहे. 'डिडाखे' या नावाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूने शिकवलेली प्रार्थना दिवसातून ३ वेळा म्हणावी, असे सांगितले आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांत १५० स्तोत्रांचे पठण दर आठवड्याला पुरे व्हावे अशी वेळांची वाटणी केली. आणि गोव्यात व वसईत देवळाची घंटा पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला वाजून हाताशी काम असलेल्या माणसाला क्षणभर थांबवीत आली, ती याच शिस्तीची लेक.

यावर आक्षेप ठरलेला आहे. ठरलेल्या वेळेची प्रार्थना यांत्रिक होते, ओठ हलतात आणि मन बाजारात असते. त्यापेक्षा अंतःकरण भरून येईल तेव्हाच प्रार्थना करावी, ती तरी खरी असेल. हा आक्षेप घेणारी माणसे पुष्कळदा कळकळीची असतात, म्हणून त्याचा आदराने विचार केला पाहिजे. पण मी विचारतो, अंतःकरण भरून येण्याची वाट पाहणाऱ्याचे अंतःकरण वर्षातून किती वेळा भरून येते? मूल आजारी पडले की येते. परीक्षेचा निकाल लागायचा असला की येते. घरात मृत्यू झाला की येते. म्हणजे आपल्या प्रार्थनेचे वेळापत्रक आपल्या भीतीच्या हाती जाते, आणि देवाशी आपला संबंध अर्जदार आणि हुजूर यांच्या संबंधासारखा होऊन बसतो. ठरलेली वेळ आपल्याला या भीतीच्या अमलातून सोडवते. मन लागो न लागो, मी येथे येईन आणि तुझ्यासमोर रुजू होईन, असा तो करार आहे. आणि हजर राहणाऱ्याचे मन आज ना उद्या शरीराच्या मागोमाग येते, हा शेकडो वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत रात्रीच्या जेवणापूर्वीची कौटुंबिक प्रार्थना ही अशीच एक वहिवाट होती. होती, असे मी खेदाने म्हणतो. वडील माणसाने अध्याय वाचावा, लहान मुलाने पाठ केलेले वचन म्हणावे, आजीने गीत उचलावे, आणि मग शेजारपाजाऱ्यांची, सरकारची, पावसाची, परगावी गेलेल्या मुलाची आठवण करून सर्वांनी 'आमेन' म्हणावे, या अर्ध्या घटकेच्या प्रार्थनेने आपल्या कित्येक पिढ्यांना जे शास्त्रज्ञान दिले ते मोठमोठ्या विद्यालयांनी दिले नाही. ती मोडली त्याला कामाच्या पाळ्या कारण आहेत, शहरातील अंतरे कारण आहेत, हे सर्व मला मान्य आहे. परंतु ज्या घरात सर्वांची वेळ जमत नाही, त्या घरात दोघांची जमते. दोघांची न जमली तर एकाची जमते.

आता मी दुसऱ्या भागाकडे वळतो आणि येथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण माझ्या मते विषयाचे मर्म येथे आहे. ठरलेल्या वेळा झाल्या दिवसातून तीन, पाच, सात. उरलेल्या दिवसाचे काय?

सतराव्या शतकात फ्रान्सच्या पूर्वेला लॉरेन प्रांतात निकोला हेर्मां नावाचा एक गरीब तरुण होता. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाईगिरी करीत होता. त्यात जखमी होऊन त्याचा पाय कायमचा अधू झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, एक निष्पर्ण झाड पाहून, थोड्याच दिवसांत याला पुन्हा पालवी फुटेल, फुले येतील, फळे येतील, या विचाराने त्याला देवाच्या सामर्थ्याचे जे दर्शन झाले ते पुढे कधी पुसले गेले नाही. पुढे काही काळ त्याने एका खजिनदाराकडे हुजऱ्याचे काम केले. तेथे आपण फार धांदरट होतो, हाती येईल ते फोडीत असू, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. १६४० साली तो पॅरिसमधील कार्मेल पंथाच्या मठात दाखल झाला. विद्या नसल्यामुळे त्याला पुरोहित होता येणार नव्हते; तो नुसता सेवक-बंधू झाला, बंधू लॉरेन्स हे नाव त्याला मिळाले, आणि त्याची नेमणूक झाली मठाच्या मुदपाकखान्यात.

स्वयंपाकाच्या कामाचा त्याला स्वभावतः तिटकारा होता. ही गोष्ट आपण विसरू नये, कारण आवडत्या कामात देव आठवणे त्या मानाने सोपे असते. सुमारे १५ वर्षे तो त्या मुदपाकखान्यात राबला, आणि नंतर मठातील बंधूंच्या चपला सांधण्याच्या कामावर गेला. मठासाठी द्राक्षरस खरेदी करायला त्याला दूर बर्गंडीपर्यंत पाठवीत. त्या व्यवहारात त्याला गती नव्हती, आणि अधू पायामुळे नावेवर चालता येत नसल्याने पिंपांवरून गडबडत लोळत जावे लागे. तरीही, हे काम तुझेच आहे, असे देवाला सांगून तो ते करी, आणि काम पार पडे. मुदपाकखान्यात एकाच वेळी अनेकांच्या अनेक मागण्या येत असताना आपल्याला देवाची संगत मंदिरात गुडघे टेकल्यासारखीच लाभते, असे तो म्हणे. तव्यावरची पोळी तो देवाच्या प्रीतीखातर उलटी, आणि जमिनीवर पडलेली काडी उचलली तरी त्याच प्रीतीखातर उचली. त्याच्याशी झालेले संवाद आणि त्याची थोडी पत्रे एका धर्माधिकाऱ्याने त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली. १६९१ मध्ये तो वारला, आणि नंतरच्या शतकात जॉन वेस्लीने त्या लहानशा पुस्तकाचा सारांश आपल्या ग्रंथमालेत घेतला. कॅथलिक मठातील स्वयंपाक्याचे बोल प्रॉटेस्टंट प्रचारकाने आपल्या लोकांच्या हाती दिले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बंधू लॉरेन्सची रीत काय होती? ती इतकी साधी आहे की ऐकणाऱ्याला हे पुरेसे असेल असे वाटत नाही. काम सुरू करण्यापूर्वी देवाशी एक-दोन शब्द बोलावे. काम चालू असताना मधूनमधून मन त्याच्याकडे वळवावे. काम संपले की ते कसे झाले ते पाहावे, चांगले झाले तर आभार मानावे, वाईट झाले तर क्षमा मागावी आणि खट्टू होऊन न बसता पुढल्या कामाला लागावे. मन भरकटले तर? भरकटले असे ध्यानात येताच परत आणावे. पुन्हा भरकटले तर? पुन्हा परत आणावे. आपण भरकटलो याचे दुःख उगाळीत बसणे म्हणजे दुसऱ्यांदा भरकटणे, असे त्याच्या सांगण्यावरून दिसते. आणि धर्मनिष्ठ माणसांना हा उपदेश सर्वांत अधिक लागू पडतो, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो.

ही रीत आजच्या कामाला लागू पडते काय? एका परिचारिकेने मला तिची रात्रपाळीची वहिवाट सांगितली. मोठा वॉर्ड, माणसे अपुरी, पहाटे दोन-अडीचला सगळ्यांत वाईट वेळ. प्रार्थनेसाठी बाजूला व्हायला सवड नाही. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना प्रत्येक वेळी हात धुवावे लागतात, हा तिच्या कामाचा नियमच. तेव्हा नळाखाली हात धरून साबण चोळता चोळता ज्याच्याकडे आता जायचे आहे त्याचे नाव ती देवाजवळ घेते. रात्रीतून कितीदा हात धुवावे लागतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तितक्या तिच्या प्रार्थना होतात. कोणी तिला हे शिकवले नव्हते. बंधू लॉरेन्सचे नाव तिने ऐकलेले नव्हते.

आणि आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण शोधायचे तर केडगावकडे पाहावे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनात दुष्काळाने आणि समाजाने टाकलेल्या स्त्रिया व मुली एके काळी दोन हजारांच्या घरात होत्या. तेथे शेती होती, विणकाम होते, गोठा होता आणि छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा प्रौढ वयात शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि त्याची छपाई त्या मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती त्या बायका खणांतून शिशाचे खिळे एकेक करून वेचीत होत्या, उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवीत होत्या, मुद्रिते तपाशीत होत्या, पाने घडी घालून शिवीत होत्या. एक काना निसटला तर शास्त्राचे वचन बिघडणार, ही जबाबदारी त्यांच्या बोटांवर होती. आपण मला सांगा, त्या छापखान्यात काम कोठे संपत होते आणि उपासना कोठे सुरू होत होती? रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभुवासी झाल्या. संपूर्ण शास्त्र छापून झाले ते १९२४ मध्ये.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. कामच आमची प्रार्थना, असे म्हणून जे प्रार्थना सोडून देतात त्यांचे कामही थोड्याच दिवसांत नुसते काम उरते. बंधू लॉरेन्सने मठाच्या ठरलेल्या प्रार्थना चुकवल्या नाहीत, आणि मुक्तीत छापखान्यावर जाण्यापूर्वी प्रार्थना होत असे. बेनेडिक्टनेही मठाच्या कोठावळ्याला कोठीतली अवजारे व भांडी वेदीवरल्या पवित्र पात्रांप्रमाणे हाताळायला सांगितले, ते सर्वांना रोज वेदीसमोर बोलावून मगच सांगितले आहे.

तिसरी गोष्ट शुष्कतेची. ज्याविषयी बोलताना आपण संकोचतो ती ही. नियमाने प्रार्थना करणाऱ्या, काम देवाला वाहणाऱ्या माणसाच्या आयुष्यातही असे दिवस, असे महिने, कधी कधी अशी वर्षे येतात की आकाश पितळेचे झाल्यासारखे वाटते. बंधू लॉरेन्सचा आनंद आपण ऐकला. पण मठातील पहिली सुमारे १० वर्षे आपण मनाने फार सोसले, आणि त्यांतली ४ वर्षे तर आपला नाश ठरलेलाच आहे अशा भयात काढली, हेही त्यानेच सांगितले आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी अंतरात्म्यातल्या काळोखात किती दीर्घकाळ काढला हे पाहून जग चकित झाले. आणि स्तोत्रसंहिता उघडून पाहा. देव दूर गेल्याची तक्रार तीत किती वेळा येते! जी तक्रार देवाने आपल्या ग्रंथात समाविष्ट होऊ दिली, ती करणाऱ्याला आपण अविश्वासी का ठरवतो?

प्रभूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले, आपल्याला फांद्या म्हटले, आणि पिता फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी करतो असे सांगितले. आपल्या या नाशिक जिल्ह्यातील बागाईतदारांना याचा अर्थ भाष्यकारांपेक्षा अधिक चांगला कळतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. काही आठवड्यांपूर्वी घडांनी लगडलेली बाग पाहिलेला परगावचा माणूस त्या वेळी आला तर बाग मेली असे म्हणेल : मांडवावर ओलांडे उघडे पडलेले, पान नाही, वर वैशाखाचे ऊन. पण नंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत, त्या कडक उन्हात, दीड-दोन महिन्यांच्या अवधीत, पुढल्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होत असतात. ते बाहेरून दिसत नाहीत. ऑक्टोबरची छाटणी झाली की ते बाहेर पडतात. उन्हाळ्यात जे डोळ्यात घडले नाही ते हिवाळ्यात काही केल्या वेलीवर येत नाही, हे बागाईतदार जाणतो; म्हणून त्या उघड्याबोडक्या बागेची मशागत तो सोडीत नाही.

हे मी आग्रहाने का सांगतो? कारण आपल्या मंडळ्यांत आध्यात्मिक जीवनाची परीक्षा भावनेच्या मापाने करण्याची वृत्ती बळावली आहे. उज्जीवन सभेत डोळे भरून आले तो जवळचा. ज्याचे आले नाहीत तो दूरचा. १९०५ साली मुक्तीत मोठे उज्जीवन झाले, त्याची वार्ता देशोदेशी गेली. ज्या बाईंच्या डोळ्यांदेखत हे घडले त्यांनी पुढली वर्षे कशात घालवली? व्याकरण, कोश आणि मुद्रिते घेऊन मेजाशी बसण्यात. त्या काळात त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली होती. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेल्या. आणि तरीही रमाबाई मेजावरून उठल्या नाहीत. माझ्या मते रमाबाईंचे देवाशी असलेले नाते जाणायचे तर त्या उज्जीवनाइतकेच हे मेजही पाहिले पाहिजे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती परीक्षेची आहे. आपले अनुसंधान खरे की आपल्याच मनाचा खेळ, हे ओळखावे कशावरून? अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबाक १९३० साली फिलिपिन्समधील लानाव सरोवराकाठी, कुटुंबापासून दूर, एकटा राहत होता. घटकाघटकाला, शक्य तर क्षणाक्षणाला देवाचे स्मरण ठेवण्याचा प्रयोग त्याने तेथे मांडला. रोज संध्याकाळी तो एका टेकडीवर जाई. आणि त्या टेकडीवर त्याला पहिला साक्षात्कार कोणता झाला? ज्या मारानाव मुसलमान लोकांत तो राहत होता त्यांना तो मनातून हलके लेखीत होता, हा! त्यानंतर तो त्यांच्यात मिसळला, त्यांची भाषा त्यांच्याकडून शिकला, त्यांना ती लिहायला-वाचायला शिकवू लागला, आणि त्यातून प्रौढ साक्षरतेचे जे कार्य उभे राहिले ते जगभर पसरले. देवाच्या जवळ गेलेल्या माणसाला देवाने शेजाऱ्याकडे पाठवले. धाब्यावर प्रार्थनेला गेलेल्या भुकेल्या पेत्राला तरी त्या दुपारी काय मिळाले होते? कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, ही शिकवण. आणि खाली दारात विदेशी कर्नेल्याची माणसे येऊन उभी होती.

याच गोदेच्या काठच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक ज्या घरात जन्मल्या, तेथे सोवळ्याचा एवढा कडक अंमल होता की बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईंवर आकाश कोसळले. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. या मधल्या काळात त्यांच्या मनातील जातीचा बांध कसा फुटला हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि पुढे त्याच बाईंनी प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली, अनाथ पोरांना घरात घेतले, आणि शालेय शिक्षण नसताना पतीच्या अपुऱ्या 'ख्रिस्तायना'चा उरलेला मोठा भाग ओवीबद्ध केला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

आणि आज? आज आपल्या मंडळ्यांत सोयरीक ठरवताना पूर्वीची जात विचारली जात नाही, असे येथे बसलेल्यांपैकी कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरे लग्नाच्या गोष्टी निघाल्या की एकमेकांच्या आजोबांचा गाव आणि आळी शोधू लागतात. जोवर हे चालू आहे तोवर आपल्या पहाटेच्या प्रार्थना, आपली उज्जीवने, आपली उपासनेतली गीते या सर्वांवर शंका घेण्याचा अधिकार आपल्या शेजाऱ्यांना आहे. पेत्राला जी गोष्ट एका दुपारच्या प्रार्थनेत कळली ती आपल्याला इतक्या वर्षांत कळत नसेल, तर आपण प्रार्थना करतो तेव्हा ऐकतो कोणाचे?

बंधुभगिनींनो, मी आपला पुष्कळ वेळ घेतला. एक विनंती करून थांबतो. इग्नाशियस लोयोलाने आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण करायला सांगितले. आपण निदान एकदा करावे, आणि ते आज रात्रीच सुरू करावे. अंथरुणावर पडण्यापूर्वी आजचा दिवस सकाळपासून क्रमाने आठवावा. ज्या ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे राहिले ते मानावे. कोणाशी कठोर बोललो, कोणाला हलके लेखले, कोणाचे काम अडवले, त्याचे नाव घेऊन क्षमा मागावी. उद्या कोणाची गाठ पडणार आहे ते आठवून त्याच्यासाठी आधीच प्रार्थना करून ठेवावी. याला पाव तास पुरतो. आणि ज्यांच्या घरी लग्नाची मुलेमुली आहेत, त्या वडीलधाऱ्यांनी या पाव तासात त्या स्थळांच्या यादीवरूनही एकदा देवासमक्ष नजर फिरवावी, आणि ज्या नावांवर केवळ जातीमुळे काट मारली असेल ती नावे उद्या सकाळी पुन्हा लिहून घ्यावी.